पोरं प्रश्न का विचारतात, मधेच का थांबतात आणि आपण काय करायचं: कुतूहलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आसपासची पंधरावीस पोरं जमतात. फी नाही, परीक्षा नाही, आठवडाभरात पडलेला एक तरी प्रश्न आणायचा एवढाच नियम. मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण खरं सांगायचं तर पोरं शिकतात कशी हे मला जास्त या गच्चीवर कळलं. पोरांना सोडायला आलेले आईबाबा, आजीआजोबा जिन्यात थांबवून मला विचारत राहतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलंय. घाई असेल तर आपल्या कामाचा प्रश्न तेवढा वाचा.

कुतूहल म्हणजे नक्की काय हो? हुशारी म्हणजेच कुतूहल का?

नाही, दोन्ही वेगळं. जुलैत पाऊस लागला की अख्खं कोल्हापूर उठल्या उठल्या एकच विचारतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आहे? 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालापण पाठ असतं. आता तोच आकडा पुण्याहून आलेल्या पाहुण्याला सांगून बघा, "38 फूट 4 इंच", तो नुसता बरं म्हणेल आणि चहा पीत बसेल, कारण त्याला त्या आकड्याच्या मागचं पुढचं काहीच माहीत नाही, आणि आपल्याला अर्धं माहीत आहे म्हणूनच उरलेलं अर्धं कळल्याशिवाय चैन पडत नाही. हेच कुतूहल. जॉर्ज लोवेनस्टाईन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1994 साली हेच मांडलं, की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय त्यात एक फट असते आणि ती फट टोचत राहते. दातात काही अडकलं की जीभ सारखी तिथंच जाते ना, अगदी तसं.

यातून एक गोष्ट निघते जी बहुतेक पालकांना उलटी वाटते. ज्याला काहीच माहीत नाही त्याला कुतूहल नसतं, आणि ज्याला सगळं माहीत आहे असं वाटतं त्यालापण नसतं. ते मधल्या जागेत राहतं. 2009 साली अमेरिकेत कॅलटेकमधे लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून हेच तपासलं होतं, उत्तराबद्दल लोकांना ना पुरती खात्री ना पुरतं अज्ञान अशा प्रश्नांनाच सगळ्यात जास्त उत्सुकता निघाली. म्हणून पोराला एखाद्या विषयात रसच नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा त्याला त्या विषयातलं पहिलं अर्धं कुणी दिलेलंच नसतं.

आमचा चार वर्षांचा पोरगा दिवसभर "का, का" करून डोकं उठवतो. हे नॉर्मल आहे का?

एकदम नॉर्मल, आणि चांगलं. ब्रिटनमधे चार वर्षांच्या मुलींचा एक अभ्यास 1984 साली छापून आला होता, त्यात त्या घरी आईला तासाला सरासरी 26 प्रश्न विचारत होत्या. त्याच मुली बालवाडीत गेल्या की तासाला 2. मुली त्याच, डोकं तेच, फक्त समोरचं माणूस आणि जागा बदलली. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा फार लागला होता, कारण मी त्या दोन प्रश्नांच्या बाजूला उभी होते.

आणि हे बोलता यायच्या आधीपासूनच चालू असतं बरं का. 2015 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 11 महिन्यांच्या बाळांना एक गंमत दाखवली, एक वस्तू भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसायची, दुसरी अधांतरी तरंगल्यासारखी. मग तीच वस्तू बाळाच्या हातात दिली. भिंतीतून गेलेली वस्तू बाळांनी आपटून बघितली, तरंगलेली वस्तू खाली टाकून बघितली! म्हणजे जिथं आपला अंदाज चुकला नेमकं तेच तपासायचं. पुढच्या वेळी बाळ ताटातला चमचा पाचव्यांदा खाली टाकेल तेव्हा आठवा हे.

कुतूहल असलं की खरंच जास्त लक्षात राहतं, की आपलं म्हणायचं म्हणून?

खरंच राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या लोकांनी 2014 साली एक प्रयोग छापला. माणसांना प्रश्न दाखवायचे, उत्तर कळायची किती उत्सुकता आहे ते विचारायचं, मग उत्तर देण्याआधी थोडे सेकंद थांबवायचं आणि त्या थांबलेल्या वेळात एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवायचा, ज्याचा प्रश्नाशी काही संबंध नाही. नंतर परीक्षा. ज्या प्रश्नांची जास्त उत्सुकता होती त्यांची शंभरातली साधारण 70 उत्तरं आठवली, कमी उत्सुकतेची 54. पण खरी भारी गोष्ट पुढं आहे, उत्सुकतेच्या वेळी मधे दाखवलेले ते उगाचचे चेहरेपण जास्त लक्षात राहिले. मेंदूचे फोटो काढले तर बक्षीस मिळणार असलं की जो भाग जागा होतो, डोपामाईन नावाच्या रसायनावर चालणारा, तोच उत्तराची वाट बघताना जागा होता, आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसशी त्याचं बोलणं वाढलेलं होतं.

सोप्या भाषेत, भूक लागल्यावर जेवलेलं अंगी लागतं. पोट भरलेलं असताना पंचपक्वान्नं वाढली तरी पोरगं ताटात बोटं फिरवत बसतं आणि आपण म्हणतो याचं लक्ष नाही.

इथलंच एखादं उदाहरण द्या ना. अमेरिकेतलं नको.

देते, आणि जरा सविस्तर देते कारण या एका प्रश्नावर आमचे तीन महिने गेले.

अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येऊन देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. तारखा सगळ्यांना माहीत, 9, 10, 11 नोव्हेंबर आणि परत 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. आमच्यातली सातवीतली एक पोरगी एका रविवारी म्हणाली, "बाई, वर्षातनं दोनदाच का? आणि मधे एवढी गॅप का? मी घरात विचारलो तर सगळे म्हणाले देवीची कृपा, ते हाय, पण तारखा कुणी ठरवल्या?"

मला उत्तर माहीत होतं. जीभ चावून गप्प बसले, आणि एवढंच म्हटलं की कालनिर्णय काढा आणि 21 डिसेंबरपासून मागं आणि पुढं दिवस मोजा. मोजले. 10 नोव्हेंबर बरोबर 41 दिवस आधी. 31 जानेवारी बरोबर 41 दिवस नंतर. गच्चीवर जो काय आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

मग प्रश्न आला 21 डिसेंबरला असं काय आहे? त्यासाठी गच्चीच्या कठड्यावर खडूनं खुणा करायला सुरुवात केली, दर रविवारी संध्याकाळी एकाच जागी उभं राहून सूर्य कुठल्या इमारतीमागं मावळतो ते बघायचं. नोव्हेंबर डिसेंबर खूण डावीकडं म्हणजे दक्षिणेकडं सरकत गेली, डिसेंबरच्या शेवटाला जवळजवळ थांबली आणि जानेवारीत परत फिरली. म्हणजे दक्षिणेकडं जाताना आणि तिथनं परतताना सूर्य एकाच जागेवरनं दोनदा जातो, जसं आपण बिंदू चौकातनं महाद्वार रोडला जाताना आणि येताना एकच दुकान दोनदा लागतं. देवीचं तोंड पश्चिमेला, पण किरणं अगदी सरळ पश्चिमेकडनं येत नाहीत, थोडी दक्षिणेकडनं येतात, म्हणून सूर्य त्या ठराविक जागी मावळेल तेव्हाच ती रांगेतल्या सगळ्या दारांतनं आत शिरतात.

पायाकडनं चेहऱ्याकडं का चढतात हे तर पोरांनी घरीच शोधलं. पश्चिमेच्या खिडकीतनं येणारं ऊन चार वाजता फरशीवर असतं, सूर्य खाली जाईल तसं ते आत आत सरकत समोरच्या भिंतीवर चढतं. तेच तिथं होतं. आणि कधी ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं, वाटेत बांधकाम आलं की किरणं कमी पोचतात, त्या बातम्या ही पोरं आता पेपरात शोधून वाचतात.

यात सूर्याचं दक्षिणायन आलं, कोन आले, नोंदी ठेवणं आलं, देवळाची बांधणी करणाऱ्यांबद्दल आदर आला. भूगोलाच्या पुस्तकात हा धडा दोन पानांचा आहे आणि त्याच पोरांनी तो आधी घोकला होता, तेव्हा त्यातल्या एकालाही 21 डिसेंबरचं काही सांगता येत नव्हतं. आणि देवीवरची श्रद्धा कुणाची कमी झाली नाही, उलट त्या वर्षी सगळीच्या सगळी किरणोत्सवाला गर्दीत जाऊन उभी होती.

शाळेत गेल्यावर प्रश्न का बंद होतात? शिक्षकांची चूक का?

एका माणसाची चूक म्हणणं सोपं आहे, पण साठ पोरांच्या वर्गात उभं राहून बघा. पोर्शन संपवायचा असतो, तास पस्तीस मिनिटांचा, आणि प्रश्न विचारणारं पोरगं म्हणजे वाटेतला स्पीडब्रेकर वाटायला लागतं. मलाही वाटायचं, आणि मी पण "ते पुढच्या वर्षी आहे, बस खाली" म्हटलेलं आहे, आज त्याचं वाईट वाटतं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गातली संभाषणं टेप करून मोजली होती. शिक्षक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतात साधारण 1 सेकंद. एक! मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तीच वाट 3 सेकंदांपर्यंत वाढवली तर पोरांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, गप्प बसणारी पोरं बोलायला लागली आणि पोरं स्वतःहून प्रश्न विचारायला लागली. मी हे वाचल्यावर वर्गात मनात "एक कोल्हापूर, दोन कोल्हापूर, तीन कोल्हापूर" मोजायला लागले. फार अवघड जातं, ती शांतता खायला उठते, पण चालतं.

दुसरं कारण हसणं. वर्गात एकदा का कुणी "येड्यासारखं काय विचारतोय" म्हणून हसलं की ते पोरगं वर्षभर तोंड उघडत नाही. आमच्या गच्चीवर दुसरा कुठलाच नियम नाही, पण हसायचं नाही हा मात्र कडक आहे.

मग शिकवायचंच नाही का? पोरांना मोकळं सोडून द्यायचं?

असं अजिबात नाही, आणि हा गैरसमज मला फार वेळा दिसतो. वर म्हटलं तसं, पहिलं अर्धं कुणीतरी द्यावं लागतं. 21 डिसेंबर ही तारीख मी दिली नसती तर पोरं अजून चाचपडत असती.

फक्त किती द्यायचं ते बघावं लागतं. 2011 साली एका प्रयोगात छोट्या पोरांना चार वेगवेगळ्या गमती लपलेलं एक खेळणं दिलं. काहींना बाईंनी नीट शिकवून दाखवलं, "हे असं ओढलं की आवाज येतो". बाकीच्यांसमोर तो आवाज चुकून आल्यासारखं केलं, नाहीतर काहीच न सांगता खेळणं दिलं. शिकवलेली पोरं तोच आवाज काढत बसली आणि लवकर थांबली, न शिकवलेल्यांनी बाकीच्या गमती जास्त शोधल्या. पोरांचं लॉजिक बरोबर होतं, बाईंनी एकच दाखवलं म्हणजे एकच असणार. म्हणून मी दाखवते ते दाखवते, पण शेवटी "यात अजून काय काय असेल कुणास ठाऊक" एवढं वाक्य सोडते.

प्रश्न विचारल्याबद्दल बक्षीस द्यावं का? चॉकलेट, पॉइंट वगैरे?

नको. म्हणजे कौतुक जरूर करा, पण सौदा करू नका. 1973 चा एक जुना प्रयोग आहे, चित्रं काढायला मनापासून आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली आणि काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काढली चित्रं, मिळालं सर्टिफिकेट. एक दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर या मुलांचा चित्रं काढण्यातला रस निम्म्यावर आला होता. ज्यांना आधी न सांगता अचानक दिलं त्यांचा रस टिकून होता. खेळ होता त्याचं काम झालं, दुसरं काय.

पोराला विचारलेलं मला येत नाही. मी दहावी नापास आहे. मी काय सांगणार?

हा प्रश्न मला एका रिक्षावाल्या दादांनी विचारला होता, खालच्या आवाजात. दादा, तुमच्यासारखी माणसं इथं सगळ्यात उपयोगी पडू शकतात. "मला येत नाही, चल बघूया" हे वाक्य पोराच्या कानावर जितक्या वेळा पडेल तितकं चांगलं, कारण त्यातनं त्याला कळतं की माहीत नसणं ही लाजायची गोष्ट नाही आणि शोधता येतं. आणि तुम्हाला रिक्षाचं इंजिन कळतं, ते भरपूर डिग्रीवाल्यांना कळत नाही. उद्यमनगरात लेथवर उभं असलेल्या माणसाला धातू कापताना पाणी का सोडतात हे विचारा, तो असं सांगेल की पुस्तक मागं पडेल.

डॉ. जयंत नारळीकर, ज्यांचा जन्म कोल्हापुरातच 1938 साली झाला, त्यांच्याकडं पोरं सही मागायला आली की ते सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. किती साधी गोष्ट, पण एवढा मोठा माणूस आपल्या प्रश्नाची वाट बघतोय हे कळल्यावर त्या पोराला काय वाटत असेल याचा विचार करा.

गरिबाला कुठलं आलंय कुतूहल? पोटाचं बघायचं की चंद्रतारे?

कुतूहल सगळ्यांना सारखंच मिळतं, ते वाढवायला लागणारी जागा सारखी मिळत नाही. आपल्या गावात हे ज्यांना सगळ्यात आधी नीट कळलं ते राजर्षी शाहू महाराज. 1901 पासून त्यांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, कारण खेड्यातल्या पोराला शिकायची कितीही ओढ असली तरी राहायचं कुठं आणि खायचं काय हा प्रश्न आधी होता. आणि 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. कितीतरी घरांमधे त्याआधी पोराला "का" विचारायचा हक्कच नव्हता, कुणाच्या शेजारी बसायचं हेच ठरलेलं होतं. मला तर वाटतं त्या बोर्डिंगच्या पंगतीत जेवणाबरोबर प्रश्न विचारायची हिंमतपण वाढली जात असणार.

म्हणून पालिकेच्या शाळेत लायब्ररी उघडी आहे का, प्रयोगशाळेचं कुलूप निघतं का, हे आपण सगळ्यांनी विचारत राहायला पाहिजे. आपलं पोरगं तिथं नसलं तरी.

नुसत्या कुतूहलावर कुणी काही करून दाखवलंय का? की सगळी पुस्तकातली गोष्ट?

कोल्हापुरात खरी कॉर्नर नावाच्या चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्याच्या समोरनं गाड्या जातात. तो ज्यांच्यासाठी आहे ते बाबूराव पेंटर, जन्म 1890, घरचं आडनाव मेस्त्री. कुठल्या आर्ट स्कूलात न जाता चित्रकला शिकले, शिल्पकला शिकले. भाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांचा 1913 चा सिनेमा बघितला आणि दोघांच्या डोक्यात किडा शिरला की हे हलतं कसं? त्या काळी शिकवणारं कुणी नाही, यूट्यूब नाही. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन 1918 मधे कॅमेरा तयार केला, इथं कोल्हापुरात. देशात बनलेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून त्याचं नाव घेतात. पडदा रंगवणाऱ्या माणसांनी! पुढं व्ही. शांताराम वगैरे मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

मला यात विशेष वाटतं ते हे की बघून अवाक झालेले हजारो लोक असतील, घरी जाऊन उघडून बघायची तयारी असणारे हे दोघं भाऊ निघाले.

शेजारणीच्या घरात काय चाललंय हे जाणून घेणं पण कुतूहलच ना?

मूळ तेच, वाट वेगळी. मराठीत म्हणूनच दोन वेगळे शब्द आहेत, चौकस आणि भोचक. चौकस माणूस ऐकल्यावर शिकतो, भोचक माणूस ऐकल्यावर सांगत सुटतो. पोरांना "नसत्या चौकशा करू नको" म्हणताना आपण दोन्ही एकाच दोरीनं बांधतो, तेवढं टाळा.

मोबाईलवर सगळी उत्तरं दोन सेकंदात मिळतात, आता एआयपण आलंय. मग कुतूहल वाढेल का मरेल?

तुम्ही कसं वापरता त्यावर आहे. डॅनियल बर्लाईन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1950-60 च्या दशकात कुतूहलाचे प्रकार पाडले होते, त्यात एक असतं नुसता कंटाळा घालवायला काहीतरी नवीन पाहिजे असं, आणि एक असतं हेच मला कळलं पाहिजे असं. रील्स बघत अंगठा वर करत राहणं हे पहिलं. त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, चुरमुरे खाऊन भरल्यासारखं.

मी गच्चीवर एवढंच करते, मोबाईल काढायच्या आधी वहीत आपला अंदाज लिहायचा. चूक का असेना. अंदाज लिहिला की फट तयार होते, वाट बघणं तयार होतं, आणि मग मिळालेलं उत्तर बसतं. न लिहिता शोधलेलं उत्तर जिना उतरेपर्यंत विसरलेलं असतं, आम्ही हे करून बघितलंय. आणि एआयनं सांगितलेलंपण कधी कधी साफ चुकीचं असतं, तेव्हा ते दुसरीकडं ताडून बघायची सवय आताच लावा.

पोरगी मिक्सर उघडून बसते. शॉक बसला म्हणजे?

प्लग काढलेला पाहिजे, मोठं माणूस शेजारी पाहिजे, आणि टीव्ही, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह असलं काही उघडायचं नाही कारण त्यात प्लग काढल्यावरपण करंट साठून राहतो. हे नियम पक्के करा आणि मग उघडू दे. जुनं घड्याळ, बंद पडलेला टॉर्च, सायकलची बेल, भंगारातनं आणून द्या. "पोरीच्या जातीला कशाला स्क्रू ड्रायव्हर" असं घरात कुणी म्हणालं तर तिच्या बाजूनं बोला, तेवढ्यापुरतं तरी.

मार्कांवर परिणाम होतो का? स्कॉलरशिप तोंडावर आहे.

चांगला होतो. 2011 साली बऱ्याच जुन्या अभ्यासांची एकत्र पाहणी झाली, त्यात बुद्धी आणि मेहनत यांच्या जोडीला जाणून घ्यायची भूक हा तिसरा खांब निघाला. पण ऐन परीक्षेच्या महिन्यात सुरू करून निकालात शोधू नका.

आमचं वय झालं आता. मोठ्या माणसांना याचा काय उपयोग?

एक गंमत करून बघा. पँटची चेन कशी काम करते हे तुम्हाला किती कळतं, सातपैकी मार्क द्या स्वतःला. आता कागदावर पायरी पायरीनं लिहा. 2002 साली येल विद्यापीठात हेच केलं होतं, चेन, फ्लशची टाकी, कुलूप असल्या रोजच्या वस्तू घेऊन, आणि लिहायला लावल्यावर लोकांनी स्वतःचे मार्क स्वतःच कमी केले. रोज हाताळतो म्हणून कळतं असं आपल्याला वाटत असतं. मोठेपणी कुतूहल आटतं त्याचं मला हेच मोठं कारण वाटतं, फट असते पण दिसत नाही.

माझे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्म गेला गुऱ्हाळावर, गुळव्या म्हणून. नातवानं विचारलं आजोबा काहिलीत भेंडी कशाला टाकता, गूळ काय भाजी आहे? ते म्हणाले मळी निघायला. मळी कशी निघते? त्यावर मात्र थांबले. पन्नास वर्षं केलेलं काम आणि हा प्रश्न कधी आला नव्हता. मग दोघांनी मिळून शोधलं, रानभेंडीचा तो बुळबुळीत चिकट रस तापलेल्या उसाच्या रसात गेला की बारीक घाण त्याला चिकटून वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. मग चुना का? रस आंबट असला की तापताना साखर फुटते आणि गूळ घट्ट बसत नाही, चुन्यानं आंबटपणा कमी होतो. सासरे त्या दिवशी संध्याकाळी जेवताना तीनदा म्हणाले, "आयला, म्हणून व्हय!" आता ते दर रविवारी गच्चीवर येतात, मागं खुर्ची टाकून बसतात, आणि प्रश्न आणायचा नियम त्यांनापण लागू आहे.

आजपासून घरात काय सुरू करू? एकच सांगा.

फ्रिजवर नाहीतर दाराच्या मागं एक कागद चिकटवा, पेन दोरीनं बांधा. ज्याला जो प्रश्न पडेल त्यानं तो लिहायचा, आईबाबांनी पण. उत्तर लगेच द्यायचं नाही. आठवड्यातनं एकदा जेवताना त्यातला एक घ्यायचा.

आमच्या गच्चीवरच्या कागदावर सध्या सगळ्यात वर सहावीतल्या एका पोराचा प्रश्न आहे. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. त्यानं लिहिलंय, "रात्री सगळे झोपलेले असताना दाराला कसं कळतं पाणी भरलं म्हणून?" खाली अकरा जणांनी आपापले अंदाज लिहिलेत, एकानं चित्र काढलंय, सासऱ्यांनी मोटेचं उदाहरण दिलंय. पाऊस जरा उघडला की एका रविवारी एसटीनं जायचं ठरलंय, डबे घेऊन.